मोठ्या संख्यांच्या पोटात

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही २१ अंकी संख्या. २ चा ६७ वा घात करून त्यातून १ वजा केला की ती मिळते. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये ती मूळ संख्या असल्याचे छापून टाकले. म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही तिला निःशेष भाग जात नाही, असा त्याचा दावा होता. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी तो खोटा ठरवला. संख्या संयुक्त आहे हे त्यांनी सिद्ध केले. पण तिला भाग जातो तो कशाने, हे मात्र त्यांना सांगता आले नाही. ते कळायला १९०३ उजाडले. त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे तिचे दोन अवयव मांडले. कोल फळ्यापाशी गेले, एका बाजूला घात काढला, दुसऱ्या बाजूला गुणाकार केला, दोन्ही उत्तरे जुळली आणि अवाक्षर न बोलता ते जागेवर जाऊन बसले, अशी कथा ई. टी. बेल यांनी सांगितली आहे. बेल यांना गोष्टी रंगवून सांगायची सवय होती, तेव्हा कथेवर किती विश्वास ठेवायचा ते ज्याने त्याने ठरवावे. गुणाकार मात्र कोणालाही कागदावर पडताळता येतो.

संख्या फुटते हे कळले १८७६ मध्ये, कशी फुटते हे कळले १९०३ मध्ये. मधली २७ वर्षे हाच या पुस्तकाचा विषय आहे, असे म्हटले तरी चालेल. एखाद्या अवाढव्य संख्येविषयी काय सहज कळते, काय कष्टाने कळते आणि काय अजूनही कळत नाही, याचा शोध म्हणजे ही शाखा. वरवर एकसारख्या दिसणाऱ्या दोन प्रश्नांत केवढी दरी असू शकते, हे तिने गणिताला शिकवले.

मोठी संख्या म्हटले की आधी डोळ्यांत भरतो तो तिचा आकार. किती अंक, किती शून्ये, वाचायची कशी. 'लीलावती'त एकं, दहं, शतं पासून थेट परार्धापर्यंत, म्हणजे १ वर १७ शून्यांपर्यंत, नावे दिलेली आहेत आणि त्यांचा आपल्याला रास्त अभिमान असतो. पण नाव ठेवणे म्हणजे ओळख पटणे नव्हे. १ वर शंभर शून्ये असलेल्या संख्येचे मूळ अवयव शाळकरी पोरही सांगेल: २ आणि ५, बस्स. तिच्याहून कितीतरी लहान, कसेही अंक मांडून तयार केलेली संख्या नामांकित गणितज्ञाला घाम फोडू शकते. मोठेपणा आणि अवघडपणा यांचा संबंध लोक समजतात तितका सरळ नाही. तेव्हा आकडा केवढा आहे यावर थक्क होण्यात या पुस्तकाने फार पाने खर्च केलेली नाहीत.

सर्वांत जुनी वाट विभाजकांची. ६ चे स्वतःहून लहान विभाजक १, २, ३. त्यांची बेरीज पुन्हा ६. असेच २८ चे. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. युक्लिडने 'एलिमेंट्स'च्या नवव्या पुस्तकातल्या ३६ व्या विधानात त्या बनवण्याची कृतीच दिली: २ च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या उरली, तर तिला त्याच्या आधीच्या घाताने गुणावे. ६, २८, ४९६, ८१२८ अशी मालिका सुरू होते आणि पाचव्या पायरीला एकदम ३३५५०३३६ ही आठ अंकी संख्या उभी राहते. पुढे ऑयलर यांनी दाखवले की सम परिपूर्ण संख्या सगळ्या याच साच्यातल्या असतात. विषम परिपूर्ण संख्या आहे की नाही, हे आजवर कोणालाही माहीत नाही. असलीच तर ती १५०० हून अधिक अंकांची असेल, एवढे २०१२ मध्ये सिद्ध झाले. दोन हजार वर्षांहून जुना प्रश्न, विधान शाळकरी मुलाला समजेल असे, आणि उत्तर नाही. या शाखेत असे वारंवार घडते.

मेर्सेनची यादी युक्लिडच्या या कृतीतूनच आली. २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांना मूळ संख्या मिळते ते त्याने सांगितले. त्यातले ६७ आणि २५७ चुकले. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. पूर्ण यादी तपासून व्हायला १९४७ साल आले. चुकीच्या यादीनेही गणिताला तीनशे वर्षे कामाला लावले, हे तिचे श्रेय मान्य करायला हवे.

मेर्सेनच्या पत्रव्यवहारातला सर्वांत तल्लख माणूस म्हणजे पिएर द फर्मा. २०२७६५१२८१ ही संख्या त्याने अशी फोडली: तिच्या वर्गमूळाहून किंचित मोठ्या पूर्णांकापासून सुरुवात करायची, त्याच्या वर्गातून संख्या वजा करायची, आणि बाकी पूर्ण वर्ग येईपर्यंत एकेक पाऊल पुढे जायचे. बाराव्या पायरीला ४५०४१ च्या वर्गातून संख्या वजा केली की १०२० चा वर्ग उरतो, आणि दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र ४४०२१ व ४६०६१ हे अवयव हातात ठेवते. हीच कल्पना नारायण पंडितांच्या १३५६ च्या 'गणितकौमुदी'त, विभाजकांना वाहिलेल्या प्रकरणात आहे. असे काही सांगितले की आपल्याकडे दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतात. कोणी म्हणते, सगळे आपल्याकडेच होते. कोणी म्हणते, या तर दंतकथा. 'गणितकौमुदी' छापलेली आहे, वाचता येते, आणि दोन्ही पक्षांनी ती वाचलेली नसते. भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त ६१ या संख्येसाठी चक्रवाल पद्धत चालवून १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८० ही जोडी काढली. दुसऱ्या संख्येचा वर्ग ६१ पट करून त्यात १ मिळवला की पहिलीचा वर्ग येतो, आणि याहून लहान अशी जोडी नाही. परार्धाच्या नावापेक्षा मला ही दहा अंकी संख्या अधिक मोलाची वाटते. ती कोणी ठेवलेले नाव नाही, शोधून काढलेले उत्तर आहे.

अठराव्या शतकात ऑयलर यांनी फर्माचा एक विश्वास मोडला. २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४२९४९६७२९७, ही मूळ असावी असे फर्माला वाटत होते. ऑयलर यांनी १७३२ मध्ये तिला ६४१ ने भागून दाखवले. त्यांनी सरसकट भागाकार केले नाहीत. कोणत्या आकाराच्या संख्येनेच भाग जाऊ शकेल, हे आधी तर्काने ठरवले आणि मग मोजकेच भागाकार केले. १८०१ मध्ये गाउस यांनी लिहिले की मूळ आणि संयुक्त संख्या वेगळ्या ओळखणे आणि संयुक्त संख्यांचे मूळ अवयव काढणे हा अंकगणितातला अत्यंत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्यांनी दोन कामे एका दमात सांगितली. ती किती वेगळी आहेत हे ल्युकांमुळे उघड झाले.

ल्युकांची कसोटी १९३० मध्ये डेरिक हेन्री लेमर यांनी सोप्या रूपात मांडली. तिचा नमुना वाचकाने हाताने करून पाहावा. १२७ म्हणजे २ चा ७ वा घात वजा १. ४ पासून सुरुवात करा. दर पायरीला वर्ग करा, २ वजा करा आणि १२७ ने भागून उरणारी बाकी ठेवा. ४, १४, ६७, ४२, १११ आणि मग ०. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे पाच पायऱ्यांनी शून्य आले, म्हणून १२७ मूळ. शून्य आले नसते तर ती संयुक्त ठरली असती, आणि तिचा एकही अवयव आपल्याला दिसला नसता. भागाकार करून पाहण्याची गरजच पडली नाही. याच वाटेने ल्युकांनी १८७६ मध्ये २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ ठरवली. पुढची ७५ वर्षे तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणाला माहीत नव्हती.

एकेका संख्येच्या मागे लागणारे हे पहिले घराणे. दुसरे घराणे तसे करत नाही. ते संख्यांच्या झुंडी पाहते. त्याचे मूळपुरुष हार्डी आणि रामानुजन. रामानुजन म्हटले की टॅक्सी आणि १७२९, एवढ्यावर आपली गाडी थांबते. त्या किश्शाने त्यांचे १९१५ चे काम झाकून टाकले याची मला नेहमी चुटपुट लागते. आपल्याहून लहान कोणत्याही संख्येपेक्षा जिला अधिक विभाजक आहेत, अशा संख्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि हाताने तक्ता केला. त्याची शेवटची संख्या ६७४६३२८३८८८००; तिला १००८० विभाजक आहेत. एवढ्या तक्त्यात एकच संख्या निसटली: २९३३१८६२५६००. तिला २३ ने गुणले की तक्त्यातली ती शेवटची संख्या येते, म्हणून निसटणे आणखीच नवलाचे. दोन वर्षांनी हार्डींबरोबर त्यांनी उलटा प्रश्न घेतला. अशा विभाजकबहुल संख्या अपवाद झाल्या. सर्वसाधारण संख्येला किती वेगवेगळे मूळ अवयव असतात? उत्तर चक्रावणारे आहे: फारच थोडे. २० अंकी संख्येला सामान्यतः चारच्या आसपास, १०० अंकी संख्येला पाचसहा. अंक पाचपट झाले आणि अवयव एकदोनने वाढले. मोठ्या संख्या फोडणे अवघड का, याचे अर्धे उत्तर इथे आहे: त्यांच्या पोटात थोडेच, पण बहुधा फार मोठे अवयव दडलेले असतात.

या घराण्याने सावधपणाही शिकवला. १९१९ मध्ये जॉर्ज पोल्या यांनी अटकळ मांडली की २ पासून पुढे कोणतीही मर्यादा घ्या, तिथवरच्या निम्म्या किंवा अधिक संख्यांच्या मूळ अवयवांची मोजदाद विषम येईल. कोट्यवधी संख्यांपर्यंत ते खरे ठरते. ते खोटे असल्याचे हॅसलग्रोव्ह यांनी १९५८ मध्ये सिद्ध केले, आणि पहिल्यांदा कुठे मोडते ती जागा १९८० मध्ये सापडली: ९०६१५०२५७. 'नव्वद कोटींपर्यंत तपासले' हा गणितात पुरावा धरला जात नाही, ते याचसाठी.

तिसरे घराणे अंकांशी खेळणाऱ्यांचे, आणि त्याचा मोठा माणूस आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ डहाणूचा, शिक्षण ठाणे आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, आणि १९३० ते १९६२ देवळालीत शिक्षकी. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नसावेत. उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि हेच पुन्हा करत राहा. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि तिथून पुढे हलणे नाही. डोंबिवलीच्या नावावरून त्यांनी डेम्लो संख्या रचल्या, शिवाय स्वयंभू आणि हर्षद संख्या. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी हे क्षुल्लक मानले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात लिहिले, तेव्हा कापरेकर जगाला माहीत झाले.

क्षुल्लक म्हणणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. ६१७४ चा गुण त्या संख्येचा की तिच्या दशमान लेखनाचा? पाया बदला, खेळ बदलतो. तरीही हा निवाडा अर्धवट आहे. कापरेकर संख्या पाहा: २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे पुन्हा २९७. गंमत इथे संपत नाही. २९७ गुणिले २९६ या गुणाकाराला ९९९ ने निःशेष भाग जातो, आणि हे सगळ्या कापरेकर संख्यांना लागू आहे. फक्त ९ किती वेळा लिहायचे ते बदलते. म्हणजे त्या शोधायच्या तर ९९९, ९९९९, ९९९९९ अशा संख्यांचे अवयव हवेत. अशा अवयवांचे तक्ते कनिंगहॅम आणि वुडॉल यांनी १९२५ मध्ये छापले, आणि ते वाढवण्याचे काम आजही चालू आहे. दहाऐवजी दोन हा पाया घेतला तर युक्लिडच्या सर्व सम परिपूर्ण संख्या कापरेकर संख्या ठरतात: २८ चा वर्ग ७८४; त्यात ६४ बारा वेळा आणि वर १६; बारा आणि सोळा अठ्ठावीस. देवळालीच्या मास्तरांचा खेळ आणि युक्लिडचे विधान एकमेकांना इथे भेटतात. या पुस्तकातला मला सर्वांत प्रिय लेख त्यावरचा आहे आणि संपादकांनी तो लांबला असे म्हटले, तरी मी तो कापलेला नाही.

याच गार्डनर यांच्या सदरात ऑगस्ट १९७७ मध्ये एक १२९ अंकी संख्या छापली गेली. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी तिच्या आधारे संदेश कुलूपबंद केला होता आणि फोडणाऱ्याला शंभर डॉलरचे बक्षीस लावले होते. त्याच्या शंभरेक वर्षे आधी, १८७४ मध्ये, विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी विचारले होते की कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार ८६१६४६०७९९ येतो. आपल्याखेरीज ते कोणाला कळण्याचा संभव नाही असे त्यांना वाटत होते. (८९६८१ आणि ९६०७९, आज खिशातला फोन क्षणात सांगतो.) जेव्हन्स यांचा आकडा लहान होता, पण मर्म त्यांना कळले होते: गुणणे सोपे, फोडणे कठीण. त्या तिघांनी या कठीणपणालाच कामाला लावले. ती १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये फुटली. जवळपास ६०० स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून आपापली यंत्रे त्या कामाला जुंपली होती. २०२० मध्ये २५० अंकी संख्येपर्यंत मजल गेली. वापरात आहेत त्या संख्या साधारण ६१७ अंकी.

म्हणून हा विषय आज हौशी लोकांच्या वहीत राहिलेला नाही. बँकेच्या संकेतस्थळाची सुरक्षा, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, आपण 'सुरक्षित' म्हणतो ते बरेच काही मोठ्या संख्यांच्या अंकगणितावर उभे आहे. त्यातही या संख्या झटपट फोडताच येत नाहीत हे कोणी सिद्ध केलेले नाही. कोणाला अजून झटपट फोडता आलेल्या नाहीत, एवढेच. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक असेल तर हा कठीणपणा विरघळतो. असे यंत्र अजून नाही, तरी अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये वेगळ्या गणितावरच्या कुलपांची पहिली मानके जाहीर केली. दुसरीकडे, संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि निर्विवाद ठरवण्याची रीत ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतून आली. मणींद्र अग्रवाल आणि नुकतेच पदवीधर झालेले नीरज कयाल व नितीन सक्सेना यांची ती सिद्धता काही पानांची आहे आणि तिचा गाभा फर्माच्या एका जुन्या प्रमेयात आहे. फोडण्यासाठी अशी रीत सामान्य संगणकावर अजून कोणालाही मिळालेली नाही. गाउस यांनी एका दमात सांगितलेल्या दोन कामांपैकी एक पुरते झाले. दुसरे तिथेच अडले आहे.

पुस्तकाविषयी थोडे. प्रत्येक लेखाचा नायक एक संख्या आहे, आणि लेखांचा क्रम आकाराचा नसून तिच्याविषयी किती कळले आहे याचा आहे. सिद्धता जिथे शाळेच्या गणितात बसते तिथे पूर्ण दिली आहे. बसत नाही तिथे दिल्याचा आव आणलेला नाही. जन्मतारखेचे अंक, शुभ संख्या, नावातली अक्षरे मोजणे यांपैकी काही इथे मिळणार नाही. ग्रॅहम यांच्या, लिहून काढणे अशक्य अशा संख्येवर एकच छोटा लेख आहे. तो घेतला कारण ती संख्या लिहिता येत नसूनही तिचे शेवटचे दहा अंक, २४६४१९५३८७, आपल्याला ठाम माहीत आहेत. वाचकाकडून दहावीचे गणित, पेन्सिल आणि थोडी चिकाटी अपेक्षित आहे. बाकी काढण्याची सवय मोडली असेल तर दुसरा लेख आधी वाचावा.

शेवटच्या लेखात दोन संख्या शेजारी ठेवल्या आहेत. पहिली, २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, हे लिहीपर्यंत माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या. तिला ४१०२४३२० अंक आहेत. पानावर ३००० अंक बसवले तरी साडेतेरा हजारांहून अधिक पाने लागतील, आणि तिच्या विभाजकांविषयी कळायचे काही उरलेले नाही. दुसरी, २ चा १२७७ वा घात वजा १, अवघी ३८५ अंकी, या पुस्तकाच्या अर्ध्या पानात मावणारी. ती संयुक्त आहे हे पक्के ठाऊक आहे, पण तिचा एकही मूळ अवयव अजून कोणालाही सापडलेला नाही. तिच्यावरचा लेख त्यामुळे अपुरा आहे. अवयव सापडेल तेव्हा पुढच्या आवृत्तीत तो पुरा करू.